गोदीच्या तोंडचं वाक्य

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही — आणि त्याला मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी सांगते. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही.

माझं सगळं आयुष्य जुन्या कागदांत गेलं. विकल्या गेलेल्या, टाकून दिलेल्या, कुणी नावही न विचारलेल्या बायका शोधायच्या आणि त्यांच्यावर लिहायचं. मिरजगावच्या एका घरातल्या मोडी कागदांत मला गोदी सापडली. बटीक — म्हणजे विकत घेतलेली बाई. धनी तिला आता दुसऱ्याला विकत होता. पंचांनी तिला विचारलं, तुझं म्हणणं काय? मी घाईघाईने पुढची ओळ वाचली. 'काही बोलली नाही.'

एवढंच. इतकी वर्षं जिला शोधलं ती सापडावी, आणि गप्प? मला राग आला — हो, तिचाच. पुस्तकात मी तिला बोलायला लावलं: 'मी ढोर न्हाई.' तीन शब्द. कोण पडताळणार होतं? घरमालकांनी तो कागद मलाच देऊन टाकला होता.

ते वाक्य मेळाव्यांच्या फलकांवर चढलं, भाषणांत टाळ्या घेऊ लागलं. मीही घेतल्या — आता का खोटं बोलू?

मग सविता आली, माझ्याकडे पीएच.डी. करायला. पाथर्डीकडची, आईवडील ऊसतोडीला जाणारे. तिकडे मुकादम जोडप्याला मिळून एक कोयता धरतो, एकट्याला कामावर घेत नाही, म्हणून हंगामाआधी पोरींची लग्नं उरकतात. हिचंही ठरलं होतं. शाळेत ऐकलेलं ते वाक्य तिने भर बैठकीत बापाला ऐकवलं. लग्न मोडलं. बाप आजही तिच्याशी बोलत नाही.

"मॅडम, गोदी बोलली म्हनून मी बोलले," ती म्हणाली. "तिचा कागद एकदा हातात घ्यायचाय." त्यासाठी ती मोडी शिकून आली होती.

मी काय सांगितलं? वाळवीने खाल्ला, म्हणाले. ती रडली. मग माझीच समजूत घालत म्हणाली, "जाऊ द्या मॅडम. तुमी तर वाचलाय ना." मी 'हो' म्हणून मान हलवली.

आता तिच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर ते वाक्य आहे, खाली माझ्या पुस्तकाचा दाखला. मार्गदर्शक म्हणून सही माझीच. खरं सांगितलं तर तिच्या हातात काय उरेल? नाही सांगितलं तर?

कागद माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. अगदी धडधाकट. मी तो अधूनमधून काढते, वाचते. गोदी काही बोलत नाही.