गोफणीचा हात

लग्नानंतरचे पहिले दोन हिवाळे मी जमिनीवर फार कमी होते. शेताच्या मधोमध बाभळीचे चार मेढे रोवलेले, त्यांच्यावर दीड पुरुष उंचीला फळकुटं आणि तुराट्या अंथरलेल्या, डोक्यावर कडब्याचा आडोसा. याला माळा म्हणायचे. लांबी माझ्या अंथरुणाएवढी, रुंदी त्याहून कमी. शाळूची कणसं बाहेर पडली की त्यावर चढायचं आणि ज्वारी काढेपर्यंत पाखरं हाकायची. उजाडायच्या आत वर, दिवस बुडाला की खाली. दुपारी पाखरं झाडांत बसतात, तेवढ्यात उतरून भाकरी खायची आणि गोफणीचे गुंडे वळायचे. दगड चालत नाही, आपलीच कणसं मोडतात. मातीचे गुंडे वळून उन्हात वाळवायचे. ते पडले की फुटून जातात.

सासर कर्जतच्या बाजूचं, काळ्या रानाचं. तिथला शाळू थंडीतल्या दवावर पोसतो. माझं माहेर पुणतांब्याजवळ, गोदावरीच्या काठी. आम्ही तिला गंगाच म्हणतो. इतक्या लांब सोयरीक कशी झाली ते सांगते. वडील बैल विकायला बाजारात गेले होते. ज्यांनी बैल घेतला, त्यांच्याच मुलाला मला देऊन आले. बैलासाठी त्यांनी दुपारपर्यंत घासाघीस केली. माझ्या वेळी एकदाही केली नाही, हे मला नंतर कळलं आणि ते मी विसरले नाही.

लढाईचे दिवस होते. सरकार लेव्हीत ज्वारी नेत होतं, म्हणून घरात दाण्यादाण्यावर नजर. आमचे मालक आणि मामंजी हरभऱ्या-गव्हाच्या पाण्यासाठी दिवसभर मोटेवर. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या घर, गोठा आणि मला सांभाळायच्या. राखण माझ्याकडे आली ती अशी की घरात दुसरं कोणी मोकळं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मला गोफण धड फिरवता येत नव्हती. एक दोरी बोटात अडकवायची, दुसरी मुठीत धरायची, डोक्यावर दोन फेरे आणि नेमक्या वेळी मुठीतली सोडायची. माझे गुंडे मागे जायचे. एक मोटेच्या बैलाला लागला तेव्हा मामंजी बांधावरून म्हणाले, "सूनबाई, पाखरं फुडं हायेत." मला हसलेलं चालत नाही. पंधरा दिवसांत मी अशी शिकले की थवा कुठून वळणार हे आधी कळायला लागलं. चिमण्या ओरडण्यानंच उठतात. राघू लबाड, एकेकटे येतात. खरं संकट म्हणजे भोरड्या. हिवाळ्यात त्या ढगासारख्या येतात आणि ज्या पट्ट्यावर बसतील तिथं नुसती बोंडकं उरतात. माझ्या रानात त्या टेकल्या नाहीत. शेजारची रानं खाऊन पुढं जायच्या.

वरून सगळं दिसायचं. मोटेचे बैल धावेवरून मागंपुढं होताना दिसायचे. बाजाराला जाणारी गाडीवाट दिसायची. बोरं घेऊन जाणारी एक बाई वाटेवर थांबायची आणि मी वरूनच भाव करायची, चार कणसांवर ओंजळभर बोरं. वरून भाव करण्यात एक फायदा आहे. मालाला हात लावता येत नाही, त्यामुळं आपली हाव दिसत नाही. ती म्हणायची, "अगं, खाली उतर की, चाखून बघ." मी म्हणायची, "चाखल्यावर भाव वाढतो." पण खरी गोष्ट अशी होती की मी उतरू शकत नव्हते. उतरलं की पुरुषभर उंच ज्वारीत काहीच दिसत नाही आणि तेवढ्यात पाखरू बसतं.

पौषात एके सकाळी त्या गाडीवाटेवर मला माझा थोरला भाऊ दिसला. चालण्यावरून ओळखला. माहेराहून मुलीला न्यायला येतो त्याला मुऱ्हाळी म्हणतात. तो तसा आला होता. पुणतांब्याहून आगगाडीनं नगरला, पुढं मिळेल त्या गाडीनं आणि शेवटी पायी. घरी जायच्या आधी तो माळ्याखाली आला.

"खाली ये की जरा."

"आत्ता न्हाई येता येनार. पाखरांची येळ हाय. बोल तू."

तो मान वर करून बोलत होता आणि मी त्याच्याकडे न बघता रानाकडे बघत होते.

"आईच्या डोळ्यांचं काय खरं न्हाई. उजवा गेलाच. डाव्यानं समोर आलेलं मानूस तेवढं दिसतंय. ती म्हनती, दिसतंय तवर पोरीचं त्वांड बघू द्या."

मी गोफण फिरवली. गुंडा कुठं गेला मला माहीत नाही.

"किती दिवस दिसल?"

"ते कुनाला म्हाईत? उन्हाळ्यापतुर तरी ऱ्हाईल का, कोन सांगावं."

दुपारी मी घरी गेले. भावाला जेवू घातलं होतं, हुरडा भाजून दिला होता, पाहुणचारात काही कमी नव्हतं. आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या. मामंजी दारात. भावानं सगळं सांगितलं होतं आणि दोघं गप्प होते. ही गप्प बसायची वेळ होती. पुढं साऱ्या हयातीत बाजारात मी शिकले की समोरचा गप्प असेल तर आपण बोलू नये. तेव्हा मला ते येत नव्हतं.

मी म्हणाले, "आठ दिवस द्या. म्या एवढी राखन केलीया, शेजारच्या रानात जाऊन बघा, निम्मी कनसं पोकळ हायेत. आपल्यात एक दाना गेला न्हाई. एवढी भोरडी आली, माझ्या हातानं एकबी बसू दिली न्हाई. माझ्यासारखी गोफन या शिवारात कुनाची हाय का, इचारा. मंग आठ दिस काय लई झालं का?"

आत्याबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

"खरं बोलतीस बाई," त्या म्हणाल्या. "तुझ्यासारखी दुसरी न्हाई. म्हनून तर इचार पडलाय. तुझ्या जागी कुनाला बसवायचं?"

मामंजी म्हणाले, "सुगी झाली की सोडतो. आपला सबुद हाय."

भावानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "बैल इकताना त्यो किती चालतो ते सांगायचं असतं. सोडवून न्यायचा असल तर न्हाई. तू तर त्यांनी ठिवूनच घ्यावं असं सांगितलंस."

तो निघाला तेव्हा मी परत माळ्यावर होते. वरून माणूस फार लांबपर्यंत दिसतो. त्याचा पटका लहान होत गेला, बांधाआड गेला, पुन्हा दिसला. मला इतका राग आला की मी गुंडा उचलून खाली मारला. तो माझ्याच पाण्याच्या मडक्यावर बसला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी पाण्यावाचून बसले.

रागात मी ठरवलं की आता माझा भाव उतरवायचा. ज्वारी जाऊ दे, गोफणीला हात लावायचा नाही. मग म्हणतील, हिला ठेवून उपयोग काय. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी घोंगडी पांघरून बसले, गोफण मांडीवर, हात काखेत. पूर्वेकडून भोरड्या आल्या. आधी आवाज, मग काळा पट्टा. तो वळला, उतरला आणि माळ्यापासून वीस पावलांवर बसला. कणसं वाकली. दाणे फुटल्याचा बारीक आवाज मला ऐकू येत होता. मी आईचं तोंड डोळ्यांपुढं आणलं. बसून राहायचं, नुसतं बसून राहायचं.

आणि हात उठला. मी ठरवलं नव्हतं. बोट दोरीत गेलं, डोक्यावर दोन फेरे झाले, गुंडा थव्याच्या बरोबर मधे पडला. सगळा थवा एकदम उठला. मी उभी राहून ओरडत होते, शिव्या देत होते, एकामागून एक गुंडे मारत होते. पाखरं गेल्यावर मी खाली बसले. तेव्हा मला कळलं की आत्याबाईंनी मला अडकवलं असेल, पण दार आतून मीच लावून घेतलं होतं. जो पट्टा भोरड्यांनी खाल्ला तो घरात कुणाच्या लक्षातही आला नाही.

ज्वारी निघाली, खळं झालं, आणि मामंजींनी शब्द पाळला. मालक मला पोचवायला आले. फाल्गुन लागला होता. आई ओट्यावर उन्हात बसली होती. मी समोर उभी राहिले. ती माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाली, "कोन हाय?"

मी बोलले तेव्हा तिनं हात पुढं केला. तोंड चाचपलं, दंड चाचपले, मग पंजा हातात घेतला. बोटाच्या मुळाशी दोरीनं घट्टा पडला होता. त्यावर ती अंगठा फिरवत राहिली.

"हे काय गं?"

"गोफनीचं."

"वाळलीस का?"

"न्हाई. हाय तशीच हाय."

"मला काय कळतंय आता," ती म्हणाली. "पंधरा दिस आधी आली असतीस तर सावली दिसली असती."

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात माळा बांधला. आत्याबाईंनी गोफण आणून माझ्यापुढं ठेवली. मी ती तशीच राहू दिली आणि म्हणाले, "आदी आठ दिस म्हायेर. मंग माळा."

"आन् कनसं गेली तर खाशील काय?"

"तुमी खाताल तेच."

यापलीकडे मी एक शब्द बोलले नाही. आत्याबाई बोलल्या, थांबल्या, पुन्हा बोलल्या. मी चुलीतला जाळ सारत बसले. मामंजी दारातून म्हणाले, "जाऊ दे तिला. कनसं अजून कवळी हायेत." दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली.

आईनं मला आवाजावरून ओळखलं. जेवताना विचारलं, "औंदा कसं काय सोडलं?"

मी सांगितलं. काय बोलले आणि काय बोलले नाही, सगळं. ती हसली, घास हातात तसाच.

"मागल्या साली न्हाई सुचलं व्हय?"

तिच्या मनात टोचायचं नव्हतं. मी ताट घेऊन उठले आणि बाहेर जाऊन घासत बसले. पुढं मी स्वतःची गाडी केली, बाजारात जागा केली, भल्याभल्यांकडून माझ्या भावात माल घेतला. लोक म्हणतात, ही बाई आपल्या मालाला कधी चांगलं म्हणत नाही. आत्याबाई शेवटपर्यंत आल्यागेल्याला सांगत राहिल्या की आमच्या सुनेसारखी गोफण शिवारात कुणाची नव्हती. त्या असं बोलायला लागल्या की मी उठून गोठ्यात जायची. राग त्यांच्यावर काढायचा की त्या दुपारी सुटलेल्या माझ्या तोंडावर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.