सुमनला वाचून दाखवलेला शेवट

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट ठाऊक नाही.

सत्तावन्न-अठ्ठावनचा सुमार. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात माझी चुलतबहीण सुमन क्षयाने आजारी पडली. अकरा वर्षांची पोर. यवतमाळच्या डॉक्टरने इंजेक्शनं लिहून दिली आणि म्हणाला, हिला वेगळं ठेवा. काकाने कापसाची खोली रिकामी करून तिची खाट तिथे टाकली. ताट उंबऱ्यावर ठेवायचं, बोलायचं ते खिडकीतून. मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. मी तिच्याहून थोडी मोठी — शाळेतून पुस्तकं आणून रोज दुपारी खिडकीबाहेर बसायचं आणि तिला वाचून दाखवायचं, हे काम माझ्याकडे आलं.

एका गोष्टीत तिचा जीव गुंतला. पूर येतो आणि एक गुराखी पोरगा नदीपलीकडच्या टेकडीवर एकटाच अडकतो. सुमन रोज विचारायची, "ताई, त्याले न्यायले कोनी आलं का?" ती कुणाबद्दल विचारतेय, हे मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं.

शेवट वाचायचा, त्या दिवशी नेमका दारव्ह्याचा बाजार. आई सगळ्या पोरांना घेऊन गेली; मला मागे ठेवलं — सुमनसाठी. मी नुसती धुमसत होते. पुस्तकात गावची पोरं तराफा बांधून त्याला घेऊन येतात. मी ते डोळ्यांनी वाचलं. आणि तोंडाने म्हणाले, "कोनीच नाही आलं. गाव त्याले विसरून गेलं. संपली गोष्ट."

"कोनीच नाही?"

"नाही म्हनलं ना!"

ती भिंतीकडे वळली. दुसऱ्या दिवसापासून ताट तसंच परत यायला लागलं. काकू चुलीपाशी बसून रडायची. एक वाक्य पुरलं असतं — पण मी बोलले नाही. पुस्तक शाळेत देऊन टाकलं. भ्याले होते? हो. पण फक्त भ्यालेच होते का?

आठवडाभराने तिने खिडकीतून हाक मारली. "ताई, त्या पुस्तकवाल्याले काही समजत नाही. नदीचं पानी काय जनमभर राह्यते? पानी उतरलं, आन् तो पोरगा सोताच चालत आला." मग म्हणाली, "मले भूक लागली. भाकर आन."

पुढच्या हिवाळ्यात ती आपल्या पायांनी अंगणात आली. शिकली, मास्तरीण झाली. वर्गात कुणी नवं, गप्प पोर आलं की ती त्याला हीच गोष्ट सांगायची — तिच्या शेवटासकट.

घरात मात्र सगळे माझ्याबद्दल म्हणत राहिले, कमलने वाचून वाचून पोरगी जगवली. काकूने मला नवं परकर-पोलकं शिवलं. मी ते घातलं.

गेल्या दिवाळीत सुमन आली होती. नातवंडांना म्हणाली, "या आजीच्या पाया पडा रे. ही होती म्हनून मी आहो."

पोरं वाकली. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाले — सुखी राहा.