डाव्या वळणाचा गोगल्या

सलूनवाल्याला सिनेमात काम मिळालं, अशी कुजबुज त्या रस्त्यावर महिनाभर चालली होती. कुजबुज कसली, चावडीच. औषधवाल्याने ती ऐकली ती शिंप्याकडून, शिंप्याने ऐकली ती दात काढायला आलेल्या कुणाकडून तरी, आणि दातांच्या डॉक्टरांनी म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. काय पाहिलं होतं ते कुणी विचारलं नाही. गोष्ट अशी होती की, ज्या सिनेमावर सलूनवाल्याने इतके दिवस तोंडसुख घेतलं त्याच सिनेमाच्या दुसऱ्या भागात त्याला भूमिका मिळाली, आणि म्हणून त्याने एका दुपारीत आपलं सगळं लिखाण पुसून टाकलं. भूमिका न्हाव्याचीच, असंही ठरून गेलं होतं. पुरावा काय, तर दाढी. जन्मभर घोटून दाढी करणाऱ्या माणसाने पंधरा दिवस वस्तरा लावला नाही, म्हणजे भूमिकेसाठीच वाढवतोय की.

आता हा सलूनवाला कोण ते सांगायला हवं. वय पंचेचाळीस, दोन खुर्च्यांचं दुकान, त्यातली एक खुर्ची कायम मोडकी. वडिलांकडून मिळालेलं दुकान, वडिलांकडूनच मिळालेला हात. त्याच्या हातून कान कापला गेल्याचं उदाहरण नाही. बोलायला मोकळा, पण एका विषयावर गाडी आली की गिऱ्हाइकाची सुटका नाही. तो विषय म्हणजे गोगल्या.

गोगल्या हे त्याच्या लहानपणचं कार्टून. टपाल वाटणारी गोगलगाय. पाठीवर शंख, खांद्याला पिशवी, आणि पत्र पोचेपर्यंत ज्याचं लग्न असेल त्याला मूल झालेलं. संध्याकाळी पाचला वीस मिनिटं लागायचं. दोन वर्षं चाललं, मग बंद पडलं, आणि फिती कुठे गेल्या कुणाला ठाऊक नाही. पुन्हा कधी दाखवलं नाही. त्यामुळे झालं काय, की ज्यांनी पाहिलं त्यांच्या डोक्यातच ते उरलं. असे बावीस जण मोबाइलवर एकत्र आले. कुणी बँकेत, कुणी शाळेत, एक जण चक्क वजनकाटे तपासणारा सरकारी अधिकारी. या बावीस घोड्यांचा म्होरक्या आपला सलूनवाला. त्याला सगळे ‘गुरुजी’ म्हणायचे.

गुरुजी का, तर बाकीच्यांना अंधुक आठवायचं आणि याला लख्ख. पिशवी कुठल्या खांद्याला, टोपीचा तुरा कुणीकडे झुकलेला, हे तो डोळे मिटून सांगायचा. त्यातलं त्याचं सर्वांत मोठं संशोधन म्हणजे शंख. तो म्हणायचा, “जगातल्या झाडून सगळ्या गोगलगायींचा शंख उजवीकडे वळतो. पुस्तकात बघा. आपल्या गोगल्याचा डावीकडे. चित्रकाराने उगाच काढलाय का तो? सगळे एकीकडे निघाले तरी आपण दुसरीकडे वळायचं, हे शिकवलंय त्याने आपल्याला.” हे ऐकताना त्या वजनकाटेवाल्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. गटाचं चिन्हही ठरलं, डाव्या वळणाचा शंख. बनियनवर छापून घेतला. मधल्या काळात कुणाला जुन्या वहीत गोगल्याचं चिकटचित्र सापडलं, त्यात शंख उजवा होता. गुरुजींनी निकाल दिला, “नकली माल. उलटं छापलंय.” विषय संपला.

खरं सांगायचं तर या डाव्या शंखावर त्याचं अर्धं आयुष्य उभं होतं. शिकायचं होतं ते राहिलं, गावाबाहेर जायचं होतं तेही राहिलं, सगळे पुढे गेले आणि हा कात्री घेऊन तिथेच. पण आपण मागे पडलो नाही, आपण दुसरीकडे वळलो, असं त्याला स्वतःशी म्हणता यायचं.

आणि मग गोगल्याचा सिनेमा आला. कार्टून नव्हे, खऱ्या माणसांचा. हाडामांसाचा नट पाठीवर शंख बांधून खऱ्या रस्त्यावरून सरपटणार. बातमी आली तशी बावीस जणांत वीस जणांनी नापसंतीने मान हलवली आणि दोघांनी रजा टाकल्या.

सलूनवाल्याला एक धाकटी बहीण. दुसऱ्या शहरात नाटक-सिनेमाचे पोशाख शिवणाऱ्या कारखान्यात कामाला. तिचा फोन आला, “दादा, पहिला खेळ बघ. आणि बघून झाल्यावर आधी मला फोन कर. आधी मला, कळलं का? मग तुझ्या त्या मंडळाला.”

“मंडळ नाही, गट आहे.”

“तेच ते.”

पहिल्या खेळाला बावीस प्रौढ माणसं बनियनं घालून एका रांगेत बसली. दिवे गेले. पडद्यावर पाऊलवाट, धुकं, आणि धुक्यातून सावकाश येणारी ती टोपी. ही गोष्ट त्याने पुढे कुणालाही सांगितली नाही, पण सलूनवाला रडला. चांगली दहा मिनिटं, रुमाल तोंडावर धरून. मग गोगल्या वळला, पाठ दिसली, आणि शंख उजवीकडे वळलेला.

त्याला वाटलं आपल्याला भर थिएटरात कुणी तरी थोबाडीत दिली. शेजारचा कुजबुजला, “गुरुजी, शंख...” पलीकडचा म्हणाला, “पिशवी पण चुकीच्या खांद्याला.” एकवीस तोंडं त्याच्याकडे वळली. आता रडल्याचा रुमाल खिशात कोंबण्याशिवाय गुरुजींना काय करता येणार होतं? ते उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, “उठा. हा आपला नाही.”

फोन करायचा राहिला. त्याऐवजी घरी येऊन त्याने लिहिलं. असं लिहिलं की विचारू नका. चुकांची जंत्री दिली, वर शंखाविषयी स्वतंत्र मजकूर: ‘हा शंख ज्याने शिवला त्याने गोगल्या आयुष्यात पाहिलेला नाही. गादी भरणाऱ्याला पकडून आणलेलं दिसतं. बालपणाला गोधडीसारखी टीप मारली आहे.’ गोधडीचं वाक्य लोकांना फार आवडलं. ते गटाबाहेर गेलं, मग वर्तमानपत्रात एका कोपऱ्यात आलं, मग सिनेमावाल्यांच्या टेबलावर गेलं. दोन आठवडे सलूनवाला हवेत होता. गिऱ्हाइकाच्या मानेला पावडर लावता लावता तो म्हणायचा, “गोधडी म्हणालो ना मी, ती चिकटलीच त्यांना.”

बहीण आली ती दुपारी दोनला. सलूनवाला जेवून दुकानात पडला होता, शटर अर्धं ओढलेलं. ती वाकून आत शिरली, बाकावर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

“अगं, कळवायचं नाही का? जेवलीस?”

“जेवले. दादा, गोधडी मी शिवली.”

त्याला आधी कळलंच नाही. तिने बोटं पुढे केली. दोन बोटांच्या टोकांना सुयांची भोकं वाळून काळी पडली होती.

“चार महिने. नऊ वेढे आहेत त्या शंखाला. आतून कापूस, वरून तीन थर. सांगायला बंदी होती, सही करून दिलेली. म्हटलं तू बघशील, फोन करशील, मग सांगेन.”

सलूनवाला उठून बसला. पण सवय मोठी वाईट. तोंडातून निघालं ते हेच, “पण मग तुला तरी माहीत होतं ना? तू माझ्या शेजारी बसून बघितलंस. शंख डावा होता.”

“कुठे बसून बघितलं?”

“इथेच. दुकानात.”

“इथे कुठे?”

“इथे, बाकावर.”

“आणि टीव्ही कुठे होता?”

तो बोट वर करून दाखवायला गेला आणि बोट अर्ध्यावर थांबलं. टीव्ही होता बाकाच्या बरोबर वर, फळीवर. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला दाढी होताना समोर दिसावा म्हणून वडिलांनी तो पाठीमागच्या भिंतीला लावला होता. बाकावर बसलेल्या पोरांच्या तो डोक्यावर. मधे उभं राहायची सोय नाही, वडिलांच्या हातात वस्तरा. दोन वर्षं, रोज वीस मिनिटं, भाऊ-बहिणीने गोगल्या पाहिला तो समोरच्या आरशात.

बहिणीने पिशवीतून कागद काढला. मूळ चित्रकाराच्या घरी सापडलेल्या चित्राची प्रत. उजवा शंख. काही न बोलता तिने तो आरशासमोर धरला. आरशात डाव्या शंखाचा गोगल्या उभा राहिला, तुरा बरोबर तिकडे झुकलेला, पिशवी बरोबर त्याच खांद्याला. वरची अक्षरंही ओळखीची निघाली. लहानपणी त्याला वाटायचं गोगल्या परदेशी आहे, म्हणून नाव वाचता येत नाही.

तीस वर्षं झाली होती त्याला आरशासमोर उभं राहून. गिऱ्हाईक म्हणतं, डावीकडे जरा कमी करा, आणि हा न चुकता बरोबर बाजू धरतो. असल्या माणसाने असली चूक करावी. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

बहीण हसली. तेच जास्त लागलं. “अरे, माझाही पहिला शंख डावाच आला होता. आठवणीतून बेतला ना. आमच्या कारखान्याच्या बाईंनी चित्र समोर ठेवलं. अख्खा उसवला मी. रडत उसवला. उसवता उसवता कळलं, आपण आरशात बघायचो.”

“मला का नाही सांगितलंस?”

“बंदी होती म्हटलं ना. आणि तू फोन करणार होतास.”

मग तिने कामाचं बोलून टाकलं. दुसरा भाग निघतोय. निर्माते बिचकलेत, शंखावरून इतका गवगवा झाला म्हणून काम दुसऱ्या कारखान्याला द्यायचं म्हणतायत. तिच्या बाईंनी सांगितलंय की, ज्याने आरडाओरडा केला त्यानेच एक ओळ लिहिली, शंख बरोबर होता, तर काम आपल्याकडे राहील आणि शंख तिच्याच हातात.

“एकच ओळ, दादा. शंख बरोबर आहे, मी चुकलो. आरशाचं नको सांगूस हवं तर.”

“लिहितो की. त्यात काय.”

“आज?”

“अगं, आजच. तू गाडीत बसेपर्यंत.”

ती गेली. शटर तसंच अर्धं. त्याने मोबाइल घेतला आणि लिहिलं, ‘मित्रहो, शंखाविषयी.’ पुढे जाईना. त्याला बावीस बनियनं दिसायला लागली. वजनकाटेवाल्याचे पाणावलेले डोळे दिसले. नकली ठरवलेलं ते चिकटचित्र दिसलं. ‘मी चुकलो’ लिहायचं म्हणजे नुसता शंख सरळ करायचा नव्हता, दुसरीकडे वळलेला म्हणून जो माणूस तो स्वतःला समजत होता तोही उसवायचा होता. त्याने ओळ तीनदा लिहिली, तीनदा खोडली. चारला गिऱ्हाइकं येतील म्हणून घाईने त्याने एक केलं. आपलं सगळं लिखाण, जंत्री, गोधडी, सगळं पुसून टाकलं आणि गटातून बाहेर पडला. त्याला वाटलं तक्रारच उरली नाही तर माफी कशाला. मनाची समजूत घालायला माणूस काय काय शोधून काढतो.

व्हायचं ते भलतंच झालं. इतका बोलका माणूस एकाएकी गप्प होतो, तर लोक काही तरी भरणारच. गटातल्या कुणी तरी सिनेमाच्या शेवटच्या नावांच्या पाट्या थांबवून थांबवून वाचल्या. पोशाखवाल्यांत बहिणीचं नाव निघालं. झालं, दुवा सापडला. बहिणीने भावाला भूमिका मिळवून दिली आणि तोंड बंद केलं, हे चार दिवसांत सर्वमान्य झालं. सिनेमावाल्यांच्याही कानावर गेलं.

दातांचे डॉक्टर केस कापायला आले तेव्हा दुकानात तिघं थांबले होते. डॉक्टर आरशातून मिस्कीलपणे बघत म्हणाले, “काय मालक, दाढी ठेवलीत. भूमिका मोठी दिसते.”

दाढी भूमिकेची नव्हती. स्वतःची दाढी करायची तर आरशात आपल्याकडे बघावं लागतं, एवढंच. ‘नाही’ म्हणून टाकायला ही वेळ अगदी सोपी होती. तिघं ऐकत होते, एका वाक्याचं काम. सलूनवाल्याने कंगवा झटकला आणि हसून म्हणाला, “बघू. अजून पक्कं नाही.”

“म्हणजे आहे तर.”

“मान खाली घ्या जरा.”

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. “बाईंनी मला या कामावरून काढलं, दादा. म्हणाल्या, घरातली माणसं घुसवायला मी संधी साधली. तू कुणाला तरी हो म्हणालास म्हणे.”

“हो नाही म्हणालो मी.”

“मग काय म्हणालास?”

त्याने सांगितलं. मग ती म्हणाली, “अजूनही लिहू शकतोस.”

“लिहितो.”

“बरं,” ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला. तो लिहिणार नाही हे तिच्या त्या ‘बरं’मध्ये त्याला स्वच्छ ऐकू आलं, आणि ऐकू येऊनही त्याने लिहिलं नाही.

खरी गोष्ट एवढीच आहे. सलूनवाल्याला कुठल्याही सिनेमात काम मिळालेलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. सिनेमातला शंख बरोबर होता आणि त्याच्या आठवणीतला उलटा. हे बावीस माणसांपुढे म्हणायची त्याला लाज वाटली, म्हणून त्याने अफवा खरी वाटू दिली, आणि त्यात त्याच्या बहिणीचं काम गेलं.