शिकून राहिलो

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही — आणि तिच्यापासून तर माझी तंबाखूची डबीही कधी लपली नाही. तुम्ही म्हणाल, मग आताच काहून? ते मलाही सांगता येत नाही. सांगतो, एवढंच.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. मी अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो. आमचे साहेब पुण्याकडचे, बदलीवर आलेले. माणूस सरळ — इतका सरळ, की आम्हालाच त्याची अडचण व्हायची. कारकुनाची एक जागा निघाली, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, वशिल्याची एकही चिठ्ठी माझ्या टेबलावर येता कामा नये. कोणाचा नातेवाईक उमेदवार असेल, तर त्यानं आत्ताच सांगावं. मी मान डोलावली. माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, अमरावतीचा, त्या उमेदवारांत होता. आडनाव वेगळं. कोणाला कळणार होतं?

पेपर मीच तपासले. नाही — त्यात मी काही केलं नाही, तेवढी हिंमतही नव्हती. पहिला आला तुळशीराम, पातूरच्या माळ्याचा मुलगा. शुद्धलेखनात त्याची एक वेलांटी चुकली नव्हती. भाचा दुसरा, पण बराच मागे.

मग तोंडी परीक्षा. जाहिरातीत अट होती — टायपिंग येत असावं, किंवा निदान शिकणं चालू असावं. साहेबांनी तुळशीरामला तेच विचारलं. तो म्हणाला, "शिकून राहिलो, साहेब."

आता आपल्याकडच्या माणसाला यात काय कळायचं बाकी आहे? शिकतो आहे — झालं. शेंबडं पोरही सांगेल. पण साहेबांच्या कानाला ते 'राहिलो' खटकलं. तुळशीराम बाहेर गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "म्हणजे याचं शिकायचं राहून गेलं, असंच ना?"

मी घरी हेच बोलतो हो. जेवून राहिलो, येऊन राहिलो — जन्म गेला त्यात. साहेबांनी मला विचारलं ते याच भरवशावर, की हा इथला माणूस आहे, खरं सांगेल. आणि मी — अगदी शुद्ध, पुस्तकी भाषेत म्हणालो, "हो साहेब, राहूनच गेलं."

साहेबांनी त्याच्या नावावर काट मारली. हळहळले बिचारे. नियम पाळला त्यांनी, आणि त्यांच्याच नियमानं मी त्या पोराचा गळा कापला.

भाचा लागला. बहिणीनं पेढे पाठवले, ते मी खाल्ले. तिची काही अडचण होती म्हणावं, तर तेही नाही — मेहुणे वकील, घरचं सारं व्यवस्थित. मग कशासाठी केलं? बहिणीच्या सासरी माझा शब्द चालतो असं दिसावं, म्हणून. एवढ्याचसाठी.

सहा-सात वर्षांनी बाजारात तुळशीराम भेटला. भाजी घेऊन बसला होता. "बाबूजी, मला ओळखलं का?" मी चमकलो. त्याचं बोलणं असं तोलून तोलून, जसं कोणी परक्याच्या घरी पाटावर अंग चोरून बसतं. त्यानं सांगितलं, टायपिंग तो त्याच वर्षी पास झाला होता. पण साहेबांना आपली गावठी बोली आवडली नाही, असं त्यानं मनाशी धरलं होतं. म्हणून बोलणं सुधारलं. आणखी दोनदा अर्ज केले, जमलं नाही, मग वय निघून गेलं. माझ्यावर राग नव्हता. मी तिथं होतो म्हणून साहेबांनी एवढं तरी ऐकून घेतलं, असं म्हणाला.

शेजारी त्याची लहान मुलगी बसली होती. ती म्हणाली, "बाबा, मले भूक लागली."

तो एकदम तिच्यावर खेकसला. "मले नाही, मला म्हण. नाहीतर माझ्यासारखी भाजी विकत बसशील."

मुलगी घाबरली. माझ्याकडे पाहत हळूच म्हणाली, "मला."

तिथं तरी बोलायचं होतं ना मी? तुझं काही चुकलं नव्हतं, तुळशीराम — एवढंच वाक्य. नाही बोललो. वांगी घेतली, पिशवीत टाकली आणि घरी आलो.