गेट म्हणजे मिळणं

माझी वहिनी परदेशातली. तिला मराठी येत नाही आणि आईला इंग्रजी जेमतेमच, म्हणून व्हिडिओ कॉलवर दोघींच्या मध्ये दुभाषी म्हणून मी बसते. काल मी भाजी फोडणीला टाकत होते, तेवढ्यात तिचा फोन आला आणि आईनं तो एकटीनंच घेतला. वहिनीला दिवस गेलेत, ती घाबरली आहे. आई हातवारे करत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिला आपल्या पहिल्या बाळंतपणाची भीती सांगत होती.

फोन ठेवून ती धावतच स्वयंपाकघरात आली.

"अगं, ती रडत रडत म्हणाली, 'आय गेट यू, आई!' गेट म्हणजे मिळणं ना? मी तिला मिळाले?"

मी हसले. "इथे गेट म्हणजे कळणं. तुझं म्हणणं तिला कळलं."

"मग तेच की! कळल्याशिवाय माणूस मिळतं का कधी?"

मी थक्क झाले. एवढंसं क्रियापद! शाळेत त्याचे ढीगभर अर्थ घोकले होते. पण मिळणं आणि कळणं एकाच शब्दात का नांदतात, हे कधी मनातही आलं नव्हतं.

आज फोन वाजताच आई तो घेऊन गॅलरीत गेली आणि जाताना तिनं दार लोटून घेतलं.