गिटारीला ऊन लागतं

व्यक्तिचित्र म्हटलं की तुम्ही रुमाल घेऊन बसणार. मास्तरांच्या बोटांत जादू होती, असं काहीतरी मी लिहीन आणि तुम्ही डोळे टिपाल. तो रुमाल घाम पुसायला ठेवा. आमचे गिटारमास्तर बेसूर वाजवायचे. पण अख्ख्या नागपुरात विजेवरची गिटार त्यांच्या एकट्याकडेच, त्यामुळे लोकांना वाटायचं, हे वाद्य असंच रडत असेल.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर कामठीच्या छावणीतला एक गोरा शिपाई मायदेशी जाताना ती त्यांना देऊन गेला होता. मांडीवर आडवी घ्यायची, तारांवर लोखंडी कांडी घासायची, आवाज शेजारच्या पेटीतून निघायचा. एक गाणं होईतो तारा उतरायच्या. उन्हाने उतरायच्या हे खरं. पण खुंट्या पिळून मास्तर त्या भलत्याच सुरावर चढवायचे, त्यात उन्हाचा काय दोष? मास्तर मात्र ठाम. "गोऱ्याच्या देशातली पोर आहे गा. नागपूरचं ऊन कसं सोसन ती?"

म्हणून उन्हाची लू लागलेल्या माणसाचे सगळे उपचार गिटारीवर. मानेला कांदा बांधलेला. अंगाला ओला दुपट्टा. मी त्यांच्या हाताखाली; एकदा विचारलं, "मास्तर, पन्हं पाजू काय तिले?" मास्तर चक्क विचारात पडले. मग म्हणाले, "नको. तारा चिकट होतीन."

धंतोलीत एका वकीलसाहेबांच्या मुलीचं लग्न होतं, गोरज मुहूर्तावर. त्यांनी आधीच बजावलं, "मास्तर, ही गिटार मधेच बसली तर दारात सनईवाला तयार आहे. मग पुन्हा तुम्हाला बोलावणं नाही." तारांच्या आधी मास्तरांचंच तोंड उतरलं.

त्यांनी मंचावर आपल्याभोवती वाळ्याच्या ताट्या उभ्या केल्या आणि त्यांवर पाणी मारायला मला मागे बसवलं. "मार गा पाणी, हात आखडू नको!" पहिलं गाणं निभावलं. दुसऱ्यात पाणी पेटीत शिरलं. चर्र झालं, जळका वास आला, गिटार मुकी.

मास्तर नुसतीच कांडी घासत होते. दारात सनईवाल्याने सनई पुसायला घेतली. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की नेहमी त्यांची टर उडवणारा मीसुद्धा हसलो नाही.

मी नकलाकार. कोंबडा, रेल्वेची शिट्टी, वकीलसाहेबांचं खाकरणं, सगळं यायचं. पेटीसमोरचा, मांडवातल्या कर्ण्याला जोडलेला माईक बॅटरीवर चालू होता. ताटीच्या फटीतून त्याला तोंड लावलं आणि गिटार सुरू केली. न्यांऽऽउं, न्यांऽऽऽउं! मास्तर हात हलवत राहिले, मंडळी डोलत राहिली. सनईवाला उठून सरळ पंगतीत जाऊन बसला. वकीलसाहेबांनी मास्तरांची पाठ थोपटली, "पुढच्या लग्नालाही तुम्हीच!"

मांडवामागे मी शाबासकीची वाट पाहत उभा. मास्तर आले ते लालबुंद.

"पोपट्या, तिसरी तार उतरली होती तुह्या तोंडात!"

"मास्तर, हुबेहूब नक्कल केली. तुमची तशीच राहते."

 मग गिटारीच्या मानेचा कांदा सोडून त्यांनी मला फेकून मारला.

"गाढवा! तोंड तुहं, तार तुही, तिथं कोणतं ऊन लागून राहिलं होतं? सुरात काहून नाही केली? इतक्या मोठ्या लोकायसमोर एक दिवस तरी मी सुरात वाजलो असतो!"