अर्धा डबा

“तुमचं रक्त घेता येणार नाही,” असं त्या पांढऱ्या कोटातल्या बाई म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, त्या माझ्या मागच्या माणसाशी बोलतायत. म्हणून मी मागे वळून बघितलं. मागे आमच्याच मजल्यावरचे एक काडीपैलवान गृहस्थ उभे होते. फुंकर मारली तर थेट खाली लालबागच्या रस्त्यावर जाऊन पडतील असे. मला त्यांची दया आली. तेवढ्यात बाई पुन्हा म्हणाल्या, “मॅडम, तुम्हालाच सांगतेय. हिमोग्लोबिन नऊ आलंय. साडेबारा तरी लागतं.”

मी? माझं?

प्रजासत्ताक दिनाला आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर असतं. चाळ होती तेव्हा ते चाळीच्या अंगणात भरायचं. आता चाळीच्या जागी टॉवर आलाय, म्हणून पार्किंगच्या वरच्या पोडियमवर भरतं, एवढाच फरक. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून बायकांची रांग माझ्याकडे आहे. दारोदार जाऊन बायकांना खाली आणायचं आणि ‘मला चक्कर येते’, ‘आज उपास आहे’, ‘ह्यांना विचारून सांगते’ असल्या सबबी ऐकून घ्यायच्या नाहीत, हे माझं काम. माझा आवाज असा की मंडळाने माझ्यासाठी कधी माईक लावला नाही. अंगानेही मी चांगली भरलेली. आमच्याकडे अशा बाईला खात्यापित्या घरची म्हणतात, आणि मी ते कौतुक म्हणूनच घेत आले होते.

“पुन्हा बघा,” मी म्हटलं. त्यांनी दुसरं बोट टोचलं. पुन्हा नऊ. “मशीन बिघडलंय तुमचं.” त्यावर बाईंनी मागच्या गृहस्थांचं बोट टोचलं. त्यांचं चौदा निघालं. ते बाही वर सारून रुबाबात खाटेवर आडवे झाले आणि मी, जिने सकाळपासून निम्मी बिल्डिंग खाली ओढून आणली होती, रांगेतून बाजूला उभी राहिले. ज्या बायकांना मी ‘सुईला काय घाबरता’ म्हणून दटावलं होतं त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला इतका जबर धक्का बसला होता की चिडायचंही सुचेना. माझ्या बाबतीत हे क्वचित होतं.

रक्तदात्यांना त्या वर्षी स्टीलचा दोन कप्प्यांचा डबा भेट होता. तो मीच पसंत केला होता. मंडळाच्या एका कार्यकर्त्याला माझी कीव आली असावी. “वहिनी, जाऊ दे. डबा तरी घेऊन जा.” मी नको म्हणत असताना त्याने तो पिशवीत कोंबला. न दिलेल्या रक्ताचा डबा घेऊन मी घरी निघाले.

पण त्या दिवसाचं एवढ्यावर भागायचं नव्हतं. बाजूच्या टेबलावर म्हाताऱ्या माणसांची मोफत तपासणी चालली होती आणि तिथे आमच्या सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे, लिफ्ट बंद पडली की घरातच अडकून बसणारी बाई. मी धास्तावून विचारलं, “आई, तुमचं किती आलं?” तेरा. चांगलं तेरा. मी त्यांच्या हातातला कागद उलटसुलट करून बघितला.

“माका काय धाड भरली?” लिफ्टमध्ये शिरता शिरता सासूबाई म्हणाल्या. इतकी वर्षं मुंबईत काढली तरी त्यांची मालवणी जशीच्या तशी आहे. “मी बसान जेवतंय. तू उभ्यान. अंगात रगत नाय तर एवढा ओरडतंस तरी खयसून गे?”

लिफ्टमधल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

मला त्या आकड्याचा जो राग आला होता त्याचं खरं कारण वेगळं होतं. घरातल्या खाण्यापिण्याच्या बाबतीत मी स्वतःला शहाणी समजत होते. मोबाईलवर आहाराचे जेवढे व्हिडिओ येतात तेवढे मी बघते. नाचणीचं सत्त्व, मोड आलेले मूग, खजुराचे लाडू, सगळं मी घरी करते. मुलगी सहावीत आहे, वाढतं वय आहे. नवरा विमानतळावर मालाच्या विभागात, शिफ्ट कधीही बदलते. त्या दोघांसाठी आदल्या रात्री बदाम भिजवते आणि सकाळी सोलून वाटीत ठेवते. माझ्या वाट्याला सालं येतात.

आता या शहाण्या बाईचा दिवस बघा. उठल्याबरोबर चहा. पोळ्या लाटता लाटता दुसरा, त्यात एक खारी. दोन डबे भरायचे, नवऱ्याचा आणि मुलीचा. मग बस पकडून फोर्टला ऑफिस. तिथे पुन्हा चहा, दुपारी कुणाच्या डब्यातला घास, कुणाची शेव, कामाचा डोंगर असला की बिस्किटाचा पुडा. सोमवार आणि संकष्टी आहेतच, त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, ती तेवढी पोटभर. संध्याकाळी घरी आले की चपला काढायच्या आधी मुलीच्या दप्तरातला डबा काढायचा आणि ओट्याशी उभ्याउभ्या त्यात उरलेली अर्धी पोळी आणि भाजी खाऊन टाकायची. अन्न टाकायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. रात्री सगळ्यांना वाढून झाल्यावर सुरमईचं डोकं नाहीतर शेपटी, थोडा रस्सा आणि टोपाला लागलेला भात. मधली तुकडी मुलीची आणि नवऱ्याची. त्यावर डोळा लागू नये म्हणून अर्धा कप चहा, कारण भांडी व्हायची असतात आणि मुलीचा अभ्यास बघायचा असतो.

मी दिवसभर काही ना काही तोंडात टाकत होते, म्हणून मला वाटायचं मी दिवसभर खातेय. जेवत मात्र मी कधीच नव्हते. आणि दम लागतो, डोकं दुखतं, संध्याकाळी पायात गोळे येतात, याला मी ‘मुंबई आहे, दमायला होणारच’ म्हणत होते.

पुढच्या शनिवारी मी परळला आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंकडे गेले. मुलगी बरोबर होती, परतताना तिला वह्या घ्यायच्या होत्या. डॉक्टरबाईंनी सगळं विचारलं, काही तपासण्या लिहून दिल्या आणि जेवणावर चहा ओतायच्या माझ्या सवयीवर चांगलंच तोंडसुख घेतलं. जेवणातलं लोह अंगी लागायचं तर चहा जेवणापासून लांब ठेवायला हवा, वरून लिंबू पिळायला हवं, पालेभाजी, कडधान्य, मासे हे ताटात घेऊन खायला हवं. आणि वजन म्हणजे ताकद नव्हे, हे मला त्यांनी दोनदा सांगितलं. मी मान डोलावत होते. बोलता बोलता त्यांची नजर मुलीकडे गेली.

“हिला दम लागतो का?”

“कराटेला जायचा कंटाळा करते हल्ली,” मी म्हटलं. “मोबाईल, दुसरं काय.”

त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. “हिचंही करून घेऊ.”

रिपोर्ट घेऊन आम्ही पुन्हा गेलो तेव्हा माझ्या तपासण्यांत वेगळं काही नव्हतं, रक्त कमी होतं एवढंच. तिचंही कमी होतं. माझ्याइतकं नाही, पण तिच्या वयाला कमीच. मी तो कागद बघून हबकले. माझं नऊ आल्याचा जो धक्का होता तो याच्यापुढे काहीच नव्हता. खजुराचे लाडू, नाचणी, बदाम, हे सगळं जिच्यासाठी चाललं होतं तिच्याच रक्तात नव्हतं.

“डबा पूर्ण खातेस का गं?” डॉक्टरबाईंनी तिला विचारलं.

उत्तर मी दिलं. मला विचारलेलं नसलं तरी उत्तर द्यायची मला सवय आहे. “कुठला पूर्ण! रोज अर्धा परत. किती कानीकपाळी ओरडले तरी रोज अर्धा परत.”

डॉक्टरबाईंनी हातानेच मला थांबवलं. “का गं, आईच्या हातचं आवडत नाही?”

“आवडतं.”

“मग?”

“अर्धा आईचा असतो,” ती म्हणाली.

मला काही कळलं नाही. डॉक्टरबाईंनाही नसावं. त्यांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे कसं?”

मुलगी स्टुलावर पाय हलवत बसली होती, ते पाय थांबले. “आई येते तेव्हा तिला भूक लागलेली असते. ती माझा डबा उघडून खाते. उरलेलं असलं की ती बरी असते.” तिने एकदा माझ्याकडे बघितलं. “नसलं की ओरडते.”

“अगं, मी ओरडते ते तू डबा संपवत नाहीस म्हणून!”

“ते हळू असतं,” ती म्हणाली. “संपवला ना, की दुसरंच काहीतरी होतं. बुटांवरून. नाहीतर अक्षरावरून. त्या दिवशी आजीवर पण ओरडलीस.”

मी वाद घालणार होते, पण मला तो दिवस आठवला. बूट दाराशी आडवे पडले होते. आडवे तर ते रोजच असतात. त्या दिवशी मात्र मी ते उचलून पॅसेजमध्ये भिरकावले होते, आणि सासूबाई मध्ये पडल्या तर त्यांनाही नको ते बोलले होते. पोरगी भिंतीला चिकटून उभी होती. त्याआधी मी तिचा डबा उघडला होता का, तो रिकामा होता का, हे मला कसं आठवणार? तिला आठवत होतं. तिने हिशेब जुळवला होता. मोठी माणसं ज्याला दमणूक म्हणतात, टेन्शन म्हणतात, स्वभाव म्हणतात, ती साधी भूक आहे हे त्या पोरीने ओळखलं होतं आणि आपल्या परीने त्यावर इलाज चालवला होता. भांड्याखालची आच बघावी तशी ती रोज माझा चेहरा बघत होती. आणि मी तिचीच पोळी तोंडात कोंबून तिलाच अन्नाची किंमत शिकवत होते.

“कधीपासून गं?” मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू येईना.

“माहीत नाही. पाचवीत होते तेव्हापासून.”

डॉक्टरबाई आम्हा दोघींच्या गोळ्या लिहून देत होत्या. त्यांनी कागदावरून मान वर केली नाही, यासाठी मी त्यांची आजही आभारी आहे.

घरी येताना आम्ही पुलाखालून चालत आलो. वह्या घ्यायच्या याही खेपेला राहूनच गेल्या. सिग्नलला तिने विचारलं, “रागावलीस?” मी नाही म्हटलं. तिने मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं, खरं बोलतेय का ते तपासायला. आता मला ते बघणं ओळखता येत होतं. रोजच ती तसं बघत आली असणार. मला रडू आलं ते मी रस्ता ओलांडायच्या गडबडीत ढकलून दिलं.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या मला चार शब्द सुनावतील अशी माझी तयारी होती. त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत स्वयंपाकघरात गेल्या, माझं ताट घेतलं आणि सुरमईची मधली तुकडी त्यात ठेवली. “बस,” म्हणाल्या. “पयली तू बस. भांडी खय जातत?” मी बसले. नवऱ्याला त्या रात्री शेपटी मिळाली. त्याने विचारलंही नाही, यावरून मला कळलं की मधल्या तुकडीचा हट्ट एवढी वर्षं माझा एकटीचाच होता.

सोमवारी, उपास मोडून, मी तीन डबे भरले. मंडळाचा तो स्टीलचा डबा, ज्याच्याकडे बघायचीही मला लाज वाटत होती, तो माझा. मटकीची उसळ, दोन पोळ्या, लिंबाची फोड. ऑफिसात खुर्ची टेबलाला लावून, मोबाईल उलटा ठेवून मी तो जेवले. मैत्रिणी म्हणाल्या, आज काय, वाढदिवस? संध्याकाळी बसमधून उतरल्यावर नाक्यावर चणे आणि गूळ घेऊन चालता चालता तेही संपवले. लिफ्टमध्ये चढले तेव्हा संध्याकाळच्या मानाने मी इतकी धड होते की मलाच नवल वाटलं.

दार उघडलं. बूट आडवे. दप्तर सोफ्यावर फेकलेलं, आतून एक वही अर्धी बाहेर. मी डबा काढून उघडला. रिकामा होता, पोळीचा कण नाही. मुलगी फ्रिजला पाठ लावून उभी होती.

“संपवलास?”

“हो.”

मी डबा सिंकमध्ये ठेवला आणि नळ सोडला. ती हलली नाही. तिची नजर माझ्या पाठीवर आहे हे मला कळत होतं आणि मी श्वाससुद्धा जपून घेत होते. काहीच झालं नाही. नळ बंद केला, हात पुसले, तरी काहीच झालं नाही.

मग ती माझ्या पर्सपाशी गेली. चेन उघडून तिने माझा डबा बाहेर काढला, झाकण उघडलं, दोन्ही कप्पे वेगळे करून आत बघितलं. लिंबाची पिळलेली फोड तेवढी होती. तिने झाकण परत लावलं, डबा आणून सिंकमध्ये आपल्या डब्याशेजारी ठेवला, आणि मग कुठे ती बूट उचलायला गेली.